टिचकी

कप धुऊन उपडा ठेवताना तिला त्याच्या बुडाला लाल ठिपका दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा असेल नसेल. तिनं अंगठ्यानं घासून पाहिला, तो हलला नाही. नखानं खरवडला तेव्हा नखावर चकचकीत लाल कपची आली आणि तिला कळलं की हे नेलपॉलिश आहे, आणि कोणाचं आहे तेही कळलं, कारण परवाच जाऊ बाळाला मांडीवर आडवं टाकून दोन्ही हातांची बोटं रंगवत बसली होती. घरातले सगळे कप एकाच साच्यातले, पांढरे, तिनंच कारखान्यातून आणलेले. तिनं ते एकेक करून उपडे केले. सासूबाईंचा कोरा, दिराचा कोरा, जावेचा कोरा, पाहुण्यांसाठी ठेवलेले सगळे कोरे. फक्त तिच्याच कपाला ठिपका होता. आतल्या खोलीत जाऊ बाळाचे केस विंचरत होती, बाळ किंचाळत होतं, दीर मोजे शोधत कपाटाची दारं आपटत होता. रोजची सकाळ होती. तिनं कप होता तिथं ठेवला. भांडायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. आता एवढ्याशा ठिपक्याचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. जी बाई दिवसभर कपांना लाल खुणा करून पोट भरते, तिला लाल खुणेचा अर्थ दुसऱ्यानं समजावून द्यायची गरज नव्हती.

कारखान्यात तिला सगळे टिचकी म्हणायचे. खरं नाव हजेरीपुरतं. भट्टीतून भाजून निघालेले कप गार झाले की तिच्या टेबलावर येत, आणि ती कपाच्या कानात बोट अडकवून एकेक कप उचलायची आणि नखानं टिचकी मारायची. बाकीच्या बाया लाकडी काडीनं वाजवत, हिला नखच लागे. चांगला कप वाजतो, त्याचा आवाज हवेत थोडा रेंगाळतो. ज्याच्या पोटात तडा आहे तो बद्द वाजतो, मग तो दिसायला कितीही देखणा असो. बद्द वाजला की बुडाला लाल पेन्सिलीची खूण करायची, 'बाद' म्हणायचं आणि टोपलीत टाकायचा. टोपली खाली जाते, तिथं चक्की आहे, तिथं त्यांचा चुरा होतो. भट्टीवाला तिची चेष्टा करायचा, म्हणायचा, टिचकीबाई, तुमच्यासारखी सासू कुठल्या सुनेला मिळू नये, बिचारीला रोज वाजवून बघाल. ती म्हणायची, तुम्हाला आधी वाजवते, या इकडे. सगळे हसायचे. आणि त्या खोलीचा एकच कायदा होता, पहिल्या दिवशी नव्या बाईला तो सांगितला जायचा आणि मग कधी सांगावा लागायचा नाही: न वाजवता खूण करायची नाही. दिसायला वाकडा दिसला, रंग उडालेला दिसला, तरी आधी वाजवायचा. खूण ही शेवटची गोष्ट. खूण झालेल्या कपाला पुन्हा कोणी विचारत नाही.

तर त्या दिवशी ती टेबलाशी बसली आणि हात आपला चालू झाला. उचल, टिचकी, ठेव. मन मात्र घरच्या बेसिनपाशीच घोटाळत होतं. कधी केला असेल ठिपका? ती कामावर असताना, दुपारी, बाळ झोपल्यावर. हळूच बाटली उघडली असेल, इकडेतिकडे पाहिलं असेल. सासूबाईंना माहीत असेल का? दिराला? की त्यानंच सांगितलं असेल, हिचा कप वेगळा ठेव म्हणून? गेल्या वर्षी नवरा गेला तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर दिराशी बोलत होते, आणि ती खांबाच्या अलीकडे पाण्याची बाटली धरून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. दिवसभर कपांचे आवाज निवडणारे कान ते, त्यांना काय कुजबुज ऐकू येणार नाही? डॉक्टरांनी रोगाचं नाव घेतलं, मग म्हणाले, यांच्या मिसेसची तपासणी करून घ्या, लवकर घ्या. दीर नुसता मान हलवत राहिला आणि घरी येऊन म्हणाला, दादाला फुप्फुसाचं होतं. बस्स. ही चर्चा या घरात नको. आणि तीही म्हणाली, बरं भाऊजी. किती सोपं होतं बरं म्हणणं! कारण तिला ठाऊक होतं की तपासणी म्हणजे काय. तपासणी म्हणजे टिचकी. टिचकीनंतर दोनच गोष्टी होतात, एक तर तुम्ही डब्यात भरून बाहेर जाता, नाहीतर टोपलीत. ज्या कपाला अजून कोणी वाजवलेलंच नाही तो निदान टेबलावर तरी असतो. या हिशेबावर तिनं वर्ष काढलं होतं. खोकला आला की हात तोंडावर, अंग तापलं की पांघरुणात, आरशात जीभ बाहेर काढून डाग आहेत का बघायची आणि पटकन आत घ्यायची. ती धडधाकट होती, चारचौघींसारखी जेवत होती, कामाला एक दिवस चुकत नव्हती, आणि तरी रोज कुठंतरी एक बद्द आवाज यायची वाट बघत होती.

"टिचकीबाई! अहो!"

सुपरवायझर तिच्या टेबलाशी उभा होता. त्याच्या हातात एक कप होता, बुडाला लाल खूण. "हा तुम्ही बाद केलात?" म्हणाला. ती म्हणाली, हो. "वाजवलात?" त्यानं कप तिच्यापुढं धरला, तिनं आपोआप नख मारलं, आणि कप असा खणखणीत वाजला की पलीकडच्या टेबलावरची बाईसुद्धा वळून पाहू लागली. चांगला कप. बिनतड्याचा. तिनं तो न वाजवताच लाल करून टाकला होता. टोपलीत हात घातला तर तसे आणखी दोन-तीन निघाले. सुपरवायझर रागावला नाही, ते जास्त वाईट होतं. म्हणाला, "तब्येत बरी नाही का? तुमच्याकडून असं कधी होत नाही." तिच्या कानशिलांत रक्त चढलं. लाज वाटली म्हणावं तर लाज नव्हती. राग आला होता, आणि तो आधी स्वतःवर आला, मग जावेवर, मग तो फिरत फिरत योग्य जागी जाऊन बसला. न वाजवता खूण! घरात तिच्यावर हेच झालं होतं. आणि गेलं वर्षभर ती स्वतःवर तरी दुसरं काय करत होती? आपणच आपल्या बुडाला लाल ठिपका लावून आपण हिंडतोय, आणि टिचकी मारायची मात्र हिंमत नाही. वा गं वा, टिचकीबाई! शिक्षा भोगायची, आणि गुन्हा झालाय की नाही ते विचारायचंसुद्धा नाही. खूण केलीच आहे ना तुम्ही लोकांनी, तिनं मनात म्हटलं, मग आता वाजवूनही घेऊ. पेन्सिल टेबलावर टाकली, सुपरवायझरला म्हणाली, "हो, बरं नाही. अर्धा दिवस जाते." आणि एप्रन काढून निघालीसुद्धा. भट्टीवाला दारात विडी ओढत होता. "काय हो, कुठं?" "वाजवून घ्यायला," ती म्हणाली. तो हसला, त्याला काय कळणार.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एक्सरेच्या खोलीपलीकडे, ती तपासणीची जागा होती. तिला जागा माहीत होती. गेल्या वर्षात ती दोनदा त्या व्हरांड्याच्या तोंडापर्यंत येऊन दातांच्या डॉक्टरच्या रांगेत उभी राहिली होती, आणि एकदा तर खरंच दात दाखवून परत आली होती. दाताला काहीच झालेलं नव्हतं. या वेळी मात्र ती सरळ गेली. बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं, एक पोट आलेली बाई होती, एक म्हातारा पेपर वाचत होता. तिला वाटलं होतं, इथं बसलेली माणसं ओळखू येत असतील. कुठं काय, बँकेत बसावीत तशी बसली होती. म्हाताऱ्याच्या हातातला पेपर जराही हलत नव्हता. नवऱ्याचे हात शेवटी थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. वर्षभर आधीपासून खोकत होता, कपडे अंगावर लोंबायला लागले होते, ती म्हणायची, एकदा रक्त तपासून घ्या ना, आणि तो म्हणायचा, तपासलं की काहीतरी निघतंच. मोठा विनोद केल्यासारखा हसायचा. त्याला माहीत होतं का? हा प्रश्न ती रोज त्याच्या फोटोला विचारायची आणि फोटो हसत राहायचा. माहीत असून गप्प बसला असेल तर त्याला माफी नाही, आणि माहीत नसेल तर, तर अरेरे, काय मूर्खपणानं मेला माणूस! कारण डॉक्टर व्हरांड्यात आणखी एक वाक्य बोलले होते. ते वाक्य ती दिवसा आठवू देत नसे. ते म्हणाले होते, हे आधी आले असते तर आज घरी चालत गेले असते. बाकावर बसल्या बसल्या तिला ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. आणि परवा-परवा जाऊ काय म्हणाली होती तेही. टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली होती, रक्त तपासून घ्या म्हणून, आणि जाऊ तिच्याकडे न बघता म्हणाली, "कशाला ना ताई उकरून काढायचं, आता तुमचं काय, मूल नाही बाळ नाही." उत्तर आता, या बाकावर सुचलं. मूल नाही बाळ नाही, पण मी आहे ना! मी आहे की नाही? ती हे बहुतेक मोठ्यानं म्हणाली, कारण म्हाताऱ्यानं पेपर खाली घेतला.

आतल्या मॅडम तिच्यापेक्षा वयानं लहान होत्या, टेबलावर अर्धवट खाल्लेलं केळं होतं आणि ते त्यांनी घाईघाईनं खणात सरकवलं. त्या केळ्यामुळे तिला धीर आला. तिनं सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, इथलं इथंच राहतं, घरी, कामावर, कुठं काही जात नाही, आणि निकाल काहीही आला तरी पुढं रस्ता आहे, तो आधी ऐकून घ्या. तिनं ऐकलं असं म्हणता येणार नाही, ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. रक्त घेणाऱ्यानं दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, काहीच दुखलं नाही. पुन्हा बाकावर. पोट आलेली बाई आत गेली, बाहेर आली, जाताना बाटलीतलं पाणी प्यायली. तिनं मनात टिचक्या मारल्या. बाकाला, भिंतीला, स्वतःच्या गुडघ्याला. मग तिला बोलावलं.

मॅडमनी दार लावून घेतलं तेव्हाच तिला कळलं. "निकाल पॉझिटिव्ह आला आहे, ताई," त्या म्हणाल्या, "वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा तपासून खात्री केली आहे." ती म्हणाली, "म्हणजे मी बाद."

"बाद म्हणजे?"

"टोपलीत."

मॅडमना काही समजेना. तिनं सांगितलं, कप, टिचकी, लाल खूण, चक्की. सांगताना ती रडायला लागली, आणि रडताना तिला राग येत होता की आपण कपांबद्दल काय सांगत बसलोय. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला आणि विचारलं, "मग तुमच्याकडे सगळं तपासणं शेवटीच असतं? आधी कुठं तपासत नाहीत?" आणि तिला एकदम कच्च्या मालाची खोली आठवली. पहिली नोकरी तिची तिथंच, भट्टीच्या आधी. एक म्हातारी बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे, तिनं शिकवलं होतं: वाळलेल्या कच्च्या कपावर रॉकेलचा ब्रश फिरवायचा. रॉकेल लगेच वाळतं, पण तडा असेल तिथं मुरतं आणि बारीक काळी रेघ दिसते. रेघ दिसली की मावशी खुश व्हायची! ओरडायची, सापडली गं सापडली! आणि तो कप हौदात, पाण्यात, पुन्हा माती, पुन्हा कप. तिथं कोणी बाद म्हणत नसे. तिथं तडा सापडणं ही आनंदाची गोष्ट होती, कारण अजून भट्टी लागलेली नसायची. इतकी वर्षं टिचकी मारून मारून ती खोली ती पार विसरून गेली होती. "मॅडम," ती नाक पुसत म्हणाली, "मी कच्च्यात सापडले का भट्टीनंतर?" हेही समजावून सांगावं लागलं. मग मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींची तपासणी झाली की नीट सांगता येईल. पण तुम्ही स्वतःच्या पायांनी आलात, ताप नाही, खोकला नाही. मला वाटतं वेळेत आलात. मात्र खोटं सांगणार नाही, हे पूर्ण जात नाही. गोळी रोज घ्यायची, कायमची. रोज घेतलीत तर हा विषाणू इतका दबतो की रक्तात शोधून सापडत नाही. तेव्हा तो तुमच्याकडून जोडीदारालाही जात नाही. आणि तुम्ही म्हातारी व्हाल, इतर बाया होतात तशा."

"म्हणजे माती पुन्हा हौदात नाही जात."

"नाही. पण कप फुटतही नाही."

"आणि खरा कप?" तिनं विचारलं. "चहाचा? घरात लहान बाळ आहे."

"चहाच्या कपानं कोणाला काही होत नाही. कपानं नाही, ताटानं नाही, बाळाचा पापा घेतल्यानं नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी कोणी वेगळा ठेवलाय का?" तिची मान ताठ झाली, हे तिला स्वतःला जाणवलं.

बाहेर ऊन होतं, लोक ये-जा करत होते. ती चालत निघाली. बस आली, तिनं जाऊ दिली. तिला नवऱ्याचा संताप आला, असा की रस्त्यात उभं राहून त्याला शिव्या घालाव्यात, आणि त्या तिनं घातल्या, ओठांतल्या ओठांत, ठेवणीतल्या. मेल्या, तुलाही एक गोळी होती रे! हसत बसलास! मग त्याची दया आली आणि डोळे भरले, मग पुन्हा राग आला, आणि हा राग तिला आवडला. वर्षभर पोटात जे लपून बसलं होतं ते आता बाहेर होतं, त्याला नाव होतं, त्याच्यावर उपाय होता, आणि त्याच्याशी भांडता येत होतं. न दिसणाऱ्याशी काय भांडणार? भीती गेली होती असं नाही. रात्री पुन्हा येईल, तिला माहीत होतं. पण जिभेची तपासणी आरशात चोरून करायचे दिवस संपले. दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, सुजलेलं, लाल नाकाचं. कालचंच तोंड. ती त्याला म्हणाली, चल घरी.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, बाळ जमिनीवर झाकण आपटत होतं, जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. "लवकर आलात?" जाऊ म्हणाली. ती म्हणाली, "हो. तपासून आले." आणि कसली, हे कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, त्या रोगाचं नाव घेऊन, जे नाव या घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. नाव घेतल्यावर छत काही कोसळलं नाही. "निघालंय मला. उद्या आणखी तपासण्या, मग रोज एक गोळी. मी मरणार नाहीये, एवढ्यात तरी नाही. आणि कपानं काही होत नाही, विचारून आलेय." जावेच्या हातातली घडी तशीच राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग नेलपॉलिशच्या रंगाचा. "ताई, बाळ सगळ्यांच्या कपांना तोंड लावतं हो," ती कशीबशी म्हणाली, "मला भीती वाटली."

"वाटणारच. मला विचारायचंस."

"काय विचारणार होते मी?" आता जाऊ रडायला लागली होती. "बाळ पोटात होतं तेव्हा माझीही केली होती त्यांनी ही तपासणी. सगळ्या बायांची करतात. निकाल येईपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडली होती. कोणालाच नाही सांगितलं."

"तुला गं कसली भीती?"

जावेनं दाराकडे पाहिलं. "पुरुषमाणसांचं काय सांगावं, ताई." मग म्हणाली, "मला नाही निघालं. पण निघालं असतं तर बाळाला वाचवायचं औषध असतं, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. म्हणून मी बसून राहिले, पळाले नाही." आणि दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि दोघी एकाच बाकावर बसून आल्याचं आज कळत होतं.

खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माझ्या थोरल्यालापण गोळी मिळाली असती?" तिनं हो म्हटलं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, त्यांनी तो हात झटकला नाही. मग ती जावेला म्हणाली, "तुझं नेलपॉलिश आण." जावेला वाटलं ठिपका पुसायचाय, ती म्हणाली, "त्याला रिमूव्हर लागतं, थांबा, मी काढते ना." "काढायचा नाहीये. बाटली आण."

तिनं सगळे कप ओट्यावर उपडे घातले. सासूबाईंचा, दिराचा, जावेचा, पाहुण्यांचे. आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाला आधी टिचकी मारली, कायदा तो कायदा, आणि मग प्रत्येकाच्या बुडाला एक लाल ठिपका दिला. घरभर वास सुटला. "काय जळतंय?" सासूबाई रडता रडता म्हणाल्या. बाळानं आपला प्लास्टिकचा पेला पुढं केला, त्यालाही ठिपका मिळाला. जाऊ आधी बघत राहिली, मग तिनं नाक पुसलं, शेवटचे दोन कप स्वतःकडे ओढले आणि त्यांचे ठिपके स्वतः लावले. वाळल्यावर टिचकीनं सगळे कप इकडचे तिकडे केले. आता तिचा कप कोणता ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं चहा टाकला.

दीर आला तेव्हा चहा उकळत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्याला काहीतरी शिजतंय हे कळलं, पण तो नेहमीप्रमाणे न विचारता हात धुऊन बसला. तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, बाकीचे रिकामे कप शेजारीच होते. त्यानं तो उचलला, सावधपणे किंचित तिरका करून बुडाकडे पाहिलं आणि हात मध्येच थांबला. म्हणजे माहीत होतं तर! त्यानं पटकन शेजारचा कप तिरका केला, मग त्याच्या शेजारचा. सगळीकडे लाल ठिपका. "वहिनी," तो घसा खाकरून म्हणाला, "यातला तुमचा कोणता?"

तिनं समोरच्या कपात चहा ओतला, एक घोट घेतला आणि मग म्हणाली, "तपासून आलेय मी भाऊजी, माझं मला कळलंय. तुमचं तुम्ही वाजवून बघा."

जाऊ त्याच्याकडे बघत होती. चहावर साय धरेपर्यंत ती बघत राहिली.